वादाची सभा आणि वारल्यांचें मौन

आपल्या न्यायशास्त्रानें विचारविनिमयाचे तीन प्रकार मानले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय आहे तें उभयतांनीं मिळून शोधावें ह्या हेतूनें चालतो तो वाद. वाटेल ती युक्ति योजून आपलाच पक्ष जिंकावा म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा असा कांहीं पक्षच न मांडतां समोरच्याचें म्हणणें तेवढें खोडीत सुटणें, ती वितंडा. गीतेच्या दहाव्या अध्यायांत भगवंतांनीं आपल्या विभूति सांगतांना ह्या तिहींतून वादाचीच निवड केली, ही गोष्ट आपण सहसा विसरतों. मराठींत तर ‘वाद’ ह्या शब्दाला पुढें भांडणाचाच वास येऊं लागला. अमक्यांचा वाद आहे म्हटलें कीं दोघे भाऊबंद बांधावरून कोर्टांत गेले असतील, अशी आपली समजूत होते. एका सोज्ज्वळ शब्दाची ही अधोगति कशी झाली, हा विषय भाषाशास्त्रज्ञांचा आहे; त्यांत मी शिरत नाहीं. मुंबईपासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या किनारपट्टींत गेल्या दोनशें वर्षांत ज्या कांहीं वादसभा झाल्या, त्यांपैकीं दोनचार डोळ्यांपुढें आणाव्या, आणि त्यांत बोललें कोण व गप्प बसलें कोण एवढेंच पाहावें, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इंग्रजी अंमलाच्या आरंभकाळांतील एक गाजलेली वादसभा मुंबईस भरली ती १८३१ च्या फेब्रुवारींत. एका बाजूस स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, दुसऱ्या बाजूस मोरभट दांडेकर. विल्सन त्या वेळीं जेमतेम सव्वीस वर्षांचा होता आणि त्यास हिंदुस्थानांत येऊन दोनच वर्षें झालीं होतीं. सभा संपल्यावर दोघांचेंही समाधान झालें नाहीं, हें सांगावयास नकोच. दांडेकरांनीं त्याच वर्षीं हिंदुधर्माच्या स्थापनेसाठीं एक पुस्तक लिहिलें. विल्सननें १८३२ सालीं इंग्रजींत त्यास उत्तर दिलें. ह्या उत्तराचें नांव मोठें जहाल आहे. हिंदुधर्माचें पितळ उघडें पाडण्याची प्रतिज्ञा मुखपृष्ठावरच केलेली आहे. परंतु ह्या जहाल ग्रंथाच्या आरंभीं विल्सननें एक गोष्ट अशी केली कीं तिच्यासाठीं त्याला शाबासकी दिली पाहिजे. आपलें उत्तर छापण्यापूर्वी त्यानें भटजींच्या पुस्तकाचें भाषांतर छापलें. म्हणजे वाचकानें आधीं प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याच क्रमानें वाचावें, आणि मग आपलें वाचावें. आपल्या शास्त्रकारांची पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही जी रीत, ती ह्या परदेशी पाद्र्यानें मुंबईंत अशी पाळली. आजकाल प्रतिपक्षाच्या लेखांतील एक वाक्य, तेंही अर्धें, उचलून त्यावर चार स्तंभ लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं हें पुस्तक, निदान त्याची रचना, एकदां पाहावी.

पण ह्याच विल्सनचें दुसरें एक लेखन आहे, आणि तें आपल्या विषयाला अधिक जवळचें आहे. उत्तर कोंकणच्या जंगलांतून फिरतांना त्यास वारली आणि कातकरी भेटले. त्यांच्याविषयींचा त्याचा वृत्तान्त लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत १८४३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें वारल्यांस विचारलेले प्रश्न आणि त्यांनीं दिलेलीं उत्तरें नोंदलीं आहेत. तुमचा देव कोणता? वाघ्या, असें वारली सांगतात. प्रश्नकर्ता सहृदय आहे, चौकस आहे, आणि उत्तरें जशीं मिळालीं तशीं लिहिण्याइतका प्रामाणिकही आहे. तरी हीं प्रश्नोत्तरें वाचून झाल्यावर मन थोडें अस्वस्थ होतें, आणि तें कां होतें हें समजावयास मला बराच वेळ लागला. वारली उत्तरें देतो. तो उलट कांहीं विचारीत नाहीं. मोरभटांस विल्सननें प्रतिवादी मानलें, वारल्यांस साक्षीदार. तुमचा देव कोठें राहतो आणि तो तुम्हांस काय देतो, हा प्रश्न एखाद्या वारल्यानें पाद्रीसाहेबांस विचारला असेल काय? असेलही, पण तो छापला गेला नाहीं. प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच बाजूस असला म्हणजे संभाषण कितीही गोड असो, त्याला वाद म्हणतां येत नाहीं. तो जबाब होय.

पुढें १८४८ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं मुंबईंत आपली साहित्य व शास्त्रविषयक सभा काढली आणि तिच्या ज्ञानप्रसारक शाखा मराठी व गुजराथी भाषांत चालूं लागल्या. निबंध वाचावे, त्यांवर चर्चा करावी, असा क्रम होता. मात्र धर्म आणि राजकारण हे दोन विषय वर्ज्य ठरविले होते. सभा नीट चालावी म्हणून घातलेला हा निर्बंध होता आणि तो शहाणपणाचाच होता असें अनेक जाणते म्हणतात. मला तो पटतोही आणि खटकतोही. ज्या दोन विषयांवर लोकांचीं मनें खरोखर दुभंगलेलीं होतीं, तेच दाराबाहेर ठेवल्यावर आंत शांतता नांदली तर नवल कसलें?

दाराबाहेर ठेवलेला विषय शेवटीं दारच नसलेल्या ठिकाणीं गेला. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, आठवड्यांतून एक दिवस, सायंकाळीं, विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी ह्यांचे उघड्यावर वाद झाले. विष्णुबुवा म्हणजे कुलाबा जिल्ह्यांतील शिरवलीचे विष्णु भिकाजी गोखले. जन्म १८२५ चा. लहानपणीं वडील वारले, पुढें जकातखात्यांत नोकरी केली, ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप केलें, आणि तेथून उतरून गांवोगांव प्रवचनें करीत ते मुंबईस आले. इंग्रजी विद्येचा गंध नाहीं, शास्त्र्यांच्या परंपरेचा शिक्का नाहीं. समोर जॉर्ज बोवेन ह्यांच्यासारखे बहुश्रुत अमेरिकन मिशनरी. ह्या सभांना छप्पर नव्हतें, वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती. ज्यास ऐकावयाचें त्यानें वाळूंत बसावें, कंटाळा आला तर उठून जावें. सभेच्या वेळा भरतीओहोटी पाहून ठरवीत कीं काय, असा एक बालिश प्रश्न माझ्या मनांत नेहमीं येतो.

ह्या वादांत कठोर शब्द आले नाहींत असें नाहीं. परंतु दर आठवड्यास तेच लोक पुन्हां त्याच वाळवंटांत येऊन बसत, ही गोष्ट लहान नाहीं. भांडण एका बैठकींत संपतें. वाद पुढच्या आठवड्यावर ठेवतां येतो. बोवेन ह्यांनीं सभांचा वृत्तान्त इंग्रजींत त्याच वर्षीं पुस्तकरूपानें छापला, आणि बुवांच्या बाजूचा मराठी वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ सालीं, बाहेर आला. एकाच संध्याकाळचे दोन वृत्तान्त दोन पक्षांनीं छापावे आणि वाचकानें दोन्ही समोर ठेवून ताडून पाहावे, असा योग आपल्या वाङ्मयांत फार थोड्या वादांच्या वांट्यास आला आहे. मे महिना संपतांना ह्या सभा थांबल्या. त्याच महिन्याच्या १० तारखेस मीरतेस शिपायांनीं उठाव केला होता, आणि अशा दिवसांत समुद्रकांठीं हजारों कानांपुढें धर्मावर उघड चर्चा चालणें कोणासच फारसें रुचलें नसतें.

समुद्रकांठच्या ह्या सभेचें मला कौतुक आहे. तरी तिच्याविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या वाळूंत बसलेल्या माणसाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपल्या व्यवहारांत तिळभरही फेरफार करावा लागत नव्हता. मोक्ष कोणत्या मार्गानें मिळतो हें गुरुवारीं ठरलें काय किंवा शनिवारीं ठरलें काय, सोमवारीं पेढी उघडावयाचीच होती. वाद गोडीगुलाबीनें चालण्यास ही बेफिकिरी मोठी उपयोगी पडते. ज्या सभेच्या निर्णयावर उद्यांचें जेवण अवलंबून आहे, तिची गोष्ट वेगळी. पुण्यास १८७० सालीं शंकराचार्यांपुढें पुनर्विवाहाचा वाद भरला, दोन्ही पक्षांचे पंच नेमले गेले, आणि निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध लागला. जिच्या आयुष्याचा तो प्रश्न होता, ती विधवा मात्र त्या पंचांत कोठेंच नव्हती. एवढा एक दाखला पुरे आहे.

बुवांकडे पुन्हां एकदां वळतों, कारण त्यांच्याच एका पुस्तकानें आपल्याला डहाणूच्या वाटेस लावलें आहे. १८६७ सालीं त्यांनीं ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. राज्यांतील सर्व प्रजा म्हणजे एक कुटुंब, जमीन सर्वांची, पिकेल तें गांवच्या कोठारांत ठेवावें आणि ज्यास जें लागेल तें त्यानें न्यावें, असा त्याचा मथितार्थ. वाचकांनीं तेव्हां त्याकडे साधूची लहर म्हणून पाहिलें असेल. पण ज्या उत्तर कोंकणांत जमीन कसणारा एक आणि तिचा धनी दुसरा, ही स्थिति दिवसेंदिवस घट्ट होत होती, तेथें हा निबंध वाचून दाखविणारा एखादा माणूस जाता तर काय झालें असतें, ही कल्पना मनास चाळवल्यावांचून राहत नाहीं.

असा माणूस गेला नाहीं. वारल्यांची जमीन हळूहळू सावकार-जमीनदारांच्या हातांत गेली आणि वारली आपल्याच शेतांत कूळ झाला. त्यावर वेठ आली. मालकाच्या शेतांत, मालकाच्या घरीं, मालकाच्या सांगण्यावरून वाटेल तेव्हां राबावयाचें. लग्नासाठीं कर्ज काढणारा तरुण ‘लग्नगडी’ होई. तो आणि त्याची बायको, दोघेंही, कर्ज फिटेपर्यंत मालकाचीं. आणि कर्ज फिटत नसे. मुंबई सरकारनें ह्या भागाची चौकशी करण्यास सायमिंग्टन नांवाचे मुलकी अधिकारी नेमले होते. १९३८ च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या अहवालांत वेठीबद्दल दिवसाला फार तर एक आणा, आणि पुष्कळदां आण्याऐवजीं एका माणसाच्या एका जेवणास जेमतेम पुरतील इतकेच तांदूळ, असा हिशोब दिला आहे. अहवाल निर्भीड आहे. पण पुन्हां तेंच: साहेब विचारतो, वारली सांगतो, सरकार छापतें. विल्सनच्या वृत्तान्तानंतर जवळजवळ शंभर वर्षें लोटलीं, आणि वारली अजून साक्षीदारच.

तो फरक पडला १९४५ च्या जानेवारींत, आणि तो पडला टिटवाळ्यास. महाराष्ट्रांतील किसान सभेची पहिली प्रांतिक परिषद तेथें भरली होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांनीं तिच्या प्रचारासाठीं ठाणें जिल्हा पायाखालीं घातला होता. गोदावरीबाई पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य, माहेरच्या गोखले. (समुद्रकांठचे बुवाही जन्मानें गोखलेच, ह्या योगायोगांतून कांहीं निष्पन्न होत नाहीं, पण तो नोंदविण्याचा मोह आवरत नाहीं.) उंबरगांव तालुक्यांतून पंधराएक वारली त्या परिषदेस आले. त्यांच्यांतील झरी गांवचे माह्या धांगडा व्यासपीठावर उभे राहिले आणि आपल्या लोकांची हकीकत त्यांनीं जमलेल्या शेतकऱ्यांना सांगितली.

विचार करा. ज्या माणसाला मालकापुढें मान वर करून उभें राहण्याची संवय नाहीं, पांढरे कपडे दिसले कीं ज्याची बायकामुलें रानांत पळतात, तो परगांवीं, परक्या लोकांत, हजारोंच्या सभेंत बोलतो. त्याला कोणी प्रश्न विचारलेला नाहीं. तो आपण होऊन सांगतो. आपल्याकडे वक्तृत्वस्पर्धांचीं बक्षिसें घेणारे पुष्कळ झाले, परंतु मराठींतील मोठ्या भाषणांची यादी कोणी करील तर तिच्यांत हें भाषण असलें पाहिजे, असें मला वाटतें.

टिटवाळ्याहून परतलेल्यांनीं आपल्या पाड्यांवर जें ऐकलें-पाहिलें तें सांगितलें, आणि २३ मे १९४५ रोजीं खुद्द झरीस वारल्यांची परिषद भरली. पांच हजारांवर माणसें आलीं. वैशाखाचें ऊन, रानवाटा, पाड्यापाड्यांतून निघालेलीं माणसें. कांहीं कोसांवरून चालत आलेलीं. निर्णय थोडे झाले आणि साधे झाले. वेठ करावयाची नाहीं. मालकाच्या खाजगी जमिनींत काम करावयाचें तर दिवसाला बारा आणे रोख मिळाले पाहिजेत, नाहीं तर जावयाचें नाहीं. मालकानें मारहाण केली तर ती निमूटपणें सोसावयाची नाहीं. सर्वांनीं एक राहावयाचें. ठरावांची भाषा पाहा: त्यांत सरकारनें अमुक करावें, मालकांनीं तमुक करावें, अशी विनवणी नाहीं. जे ठराव करीत होते, त्यांनींच ते पाळावयाचे होते आणि त्यांची किंमतही त्यांनींच द्यावयाची होती. आपल्या मध्यमवर्गीय सभांतील ठरावांत हा गुण औषधालाही सांपडत नाहीं. आपण बहुधा दुसऱ्यानें काय करावें हेंच ठरवितों.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो खोटा नाहीं. झरीच्या सभेंत दुसरा पक्ष कोठें होता? जमीनदार तेथें आले नव्हते. त्यांच्या वतीनें बोलणारा कोणी नव्हता. मग ती वादसभा कशी? ती तर एका पक्षाची बैठक. आक्षेप घेणाऱ्यास मी इतकेंच म्हणेन कीं, वाद होण्यास दोन पक्ष लागतात, आणि त्या दिवसापर्यंत वारली हा पक्षच नव्हता. प्रथम त्याला पक्ष व्हावें लागलें. आणि दुसरें असें कीं, त्या दिवशींचा खरा प्रतिपक्ष दूर वाड्यांत बसलेला नव्हता, तो प्रत्येकाच्या मनांत होता: उद्यां मालकानें खावटी बंद केली तर? शेत काढून घेतलें तर? ह्या भयाला उत्तर देणें हाच त्या सभेंतला उत्तरपक्ष. तो तेथें कितपत सिद्ध झाला हें पुढच्या कांहीं आठवड्यांनीं दाखविलें. वेठ बंद पडली, आणि पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले लग्नगडी मोकळे झाले.

मालकांचा पक्ष जेव्हां बोलला, तेव्हां तो वादाच्या भाषेंत बोलला नाहीं. त्या वर्षीं पावसाळ्यानंतर गवत कापणीची मजुरी पांचशें पौंडांस अडीच रुपये मिळावी अशी मागणी पुढें आली आणि काम थांबलें. ऑक्टोबरांत तलवाड्यास हजारों वारली जमले असतां पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. परुळेकर दांपत्यास जिल्ह्यांतून हद्दपार करण्यांत आलें. सुव्यवस्थित वादविवादाचे नियम सांगणाऱ्या पुस्तकांत अध्यक्षाच्या घंटेविषयीं एक प्रकरण असतें, बंदुकीविषयीं नसतें. तरी झरीचे ठराव मागें गेले नाहींत. ही सारी हकीकत गोदावरीबाईंनीं पुढें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० सालच्या पुस्तकांत लिहिली आणि त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. वाचकांनीं तें मूळांतूनच वाचावें. माझ्यासारख्यानें त्याचा सारांश देणें बरें नव्हे.

१९६० सालीं मुंबई राज्याची दोन राज्यें झालीं तेव्हां उंबरगांव तालुक्याचेही दोन भाग झाले. सत्तेचाळीस खेडीं आणि तीन शहरें गुजराथेंत गेलीं. उरलेलीं सत्तावीस खेडीं आधीं डहाणूंत घातलीं आणि पुढें त्यांचा तलासरी हा वेगळा तालुका झाला. झरी ह्या बाजूस राहिली. पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं.

ह्याच मुलुखांत आणखी एक सभा पुष्कळ वर्षें चालली, आणि ती मात्र नियमांची होती. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक आहे असें केंद्र सरकारनें २० जून १९९१ रोजीं जाहीर केलें. औष्णिक वीज केंद्र, चिकूच्या वाड्या, कोळ्यांची मासेमारी आणि आदिवासींचें रान ह्यांचीं हितें एकमेकांस छेदूं लागलीं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानें ह्या तालुक्यासाठीं स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यास सांगितलें. (त्याच महिन्याच्या ८ तारखेस गोदावरीबाई तलासरीस वारल्या.) प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी होते आणि जानेवारी २०१९ मध्यें त्यांचें निधन होईपर्यंत ते त्या जागीं राहिले. वाढवणचें बंदर व्हावें कीं न व्हावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें आला. एका बाजूस मोठी परदेशी कंपनी आणि शासनाचा विकासाचा संकल्प. दुसऱ्या बाजूस जाळें टाकून पोट भरणारी माणसें. १९९८ सालीं प्राधिकरणानें बंदरास नकार दिला. पुढें विजेच्या केंद्रानें धुरांतील गंधकवायु धुऊन काढणारी यंत्रणा बसविलीच पाहिजे, असा आदेश १९९९ सालीं दिला. ती यंत्रणा सुरू होण्यास मात्र आणखी कित्येक वर्षें लागलीं. वाद जिंकणें एक आणि जिंकलेला वाद अंमलांत येणें दुसरें.

बंदराचा प्रश्न मिटला नव्हता. नव्या रूपांत तो परत आला आणि ३१ जुलै २०२३ रोजीं त्याच प्राधिकरणानें, अध्यक्ष आणि सभासद बदललेले असतां, अटी घालून बंदरास संमति दिली. जानेवारी २०२४ मध्यें जनसुनावणी झाली, आणि त्याच वर्षीं ३० ऑगस्टला पायाभरणी. बंदर हवें कीं नको ह्याविषयीं ह्या किनाऱ्यावर एकमत नाहीं, आणि माझें मत येथें सांगण्याचें प्रयोजनही नाहीं. १९९८ चा निर्णय पंचवीस वर्षांनीं उलटला, तेव्हां पहिल्या निर्णयांतील कारणें कोणतीं आणि त्यांस दुसऱ्यानें काय उत्तर दिलें, हें मात्र दोन्ही निकाल शेजारीं ठेवून वाचण्यासारखें आहे. विल्सननें १८३२ सालीं आपल्या उत्तरापूर्वी मोरभटांचें पुस्तक छापलें होतें. ह्या दोन निकालपत्रांचें मराठी भाषांतर एका पुस्तकांत छापून कोणी वाढवणच्या आणि झरीच्या माणसांच्या हातीं दिलें, तर त्यांतले पुष्कळजण तें वाचतील, आणि ह्या वेळीं प्रश्न ते विचारतील.